गंगावेशीतील एक किराणा दुकान, एक व्यवस्थापन संस्था आणि परकीय गुंतवणूक : एक प्रकरण अभ्यास

२०१२ च्या ऑक्टोबरमध्ये, दसऱ्याच्या आधीच्या आठवड्यात, कोल्हापूरच्या गंगावेश परिसरातील सात-आठ किराणा व्यापारी आमच्या व्यवस्थापन संस्थेत आले आणि त्यांनी संचालकांच्या हाती एक अर्ज दिला. किरकोळ व्यापारात परकीय गुंतवणुकीला केंद्र सरकारने परवानगी दिली आहे, तिचा आमच्या धंद्यावर काय परिणाम होईल याचा अभ्यास करून संस्थेने आम्हाला लेखी अभिप्राय द्यावा, एवढीच त्यात मागणी होती. त्या व्यापाऱ्यांपैकी एकाचा मुलगा आमच्याकडे एमबीएच्या दुसऱ्या वर्षाला होता. त्याच्या वडिलांना अभिप्रायाची घाई होती, कारण दुकानाचे रूप पालटण्यासाठी एका पतसंस्थेकडून पाच लाखांचे कर्ज काढावे की नाही, हे त्यांना दिवाळीपूर्वी ठरवायचे होते. मी तेव्हा विपणन हा विषय शिकवत असल्याने अभिप्राय तयार करण्याचे काम माझ्याकडे आले.

आमचा पहिला मसुदा चुकला. तो का चुकला, दुसरा कसा तयार झाला आणि त्या दुसऱ्यातही काय राहून गेले, हे येथे नोंदवायचे आहे. दुकानाची आणि माणसांची ओळख पटू नये म्हणून काही खुणा आणि खासगी रकमा बदलल्या आहेत. धोरणाचे तपशील मात्र जसे होते तसेच दिले आहेत.

संस्थेची घडण

कोल्हापुरात व्यवस्थापन शिक्षण नवे नाही. शिवाजी विद्यापीठ १९६२ मध्ये स्थापन झाले आणि ज्याला सारे शहर ‘सायबर’ म्हणून ओळखते ती छत्रपती शाहूंच्या नावाची संस्था १९७६ मध्ये उभी राहिली. नव्वदच्या दशकात आर्थिक उदारीकरणानंतर देशभर व्यवस्थापन संस्थांची जी लाट आली, तिच्यातून जिल्ह्याजिल्ह्यांत महाविद्यालये निघाली आणि पुढे अभियांत्रिकी महाविद्यालयांनीही आपल्या आवारात एमबीएचे वर्ग काढले. आमची संस्था या लाटेतली. इमारत वाढली, जागा वाढल्या आणि प्रवेशासाठी येणारा पालक पहिला प्रश्न ‘नोकरी कोणती लागते’ हाच विचारू लागला. त्यात पालकाची काही चूक नव्हती, कारण शुल्काचे पैसे अनेकदा शेतीच्या उत्पन्नातून किंवा कर्जातून आलेले असत.

या प्रश्नाने संस्थेची संस्कृती मात्र घडत गेली. मुलांनी ब्लेझर घालावा, सादरीकरण इंग्रजीतच करावे, मोठ्या साखळी दुकानांच्या भरती अधिकाऱ्यांसमोर आत्मविश्वासाने बोलावे, यावर आमचा सारा भर असे. प्रकरण अभ्यासाची पद्धत हार्वर्डच्या व्यवसाय विद्यालयात रुजली, १९६१ मध्ये स्थापन झालेल्या अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेने हार्वर्डच्याच सहकार्याने ती आपल्याकडे आणली आणि तिथून ती झिरपत आमच्यापर्यंत पोहोचली. पद्धत उत्तम आहे, आजही मी तीच वापरतो. पण आमच्या वर्गात येणारी प्रकरणे परदेशांतल्या किंवा महानगरांतल्या कंपन्यांची असत. प्रत्येक प्रकरणात विद्यार्थ्याने कंपनीच्या व्यवस्थापकाच्या खुर्चीत बसून निर्णय घ्यायचा असे, आणि काउंटरच्या पलीकडे, गल्ल्यावर बसलेल्या माणसाच्या जागी बसण्याची वेळ त्याच्यावर कधीच येत नसे. आमच्या साठ मुलांच्या वर्गात निदान दहा जणांच्या घरी दुकान, अडत किंवा छोटा कारखाना होता, आणि त्या दहांपैकी एकानेही दोन वर्षांत आपल्या घरच्या धंद्याचे उदाहरण वर्गात दिल्याचे मला आठवत नाही. त्यांना तसे कोणी विचारलेही नव्हते. विचारणाऱ्यांत मीही नव्हतो, हे इथे नमूद केले पाहिजे.

धोरण काय होते

घाऊक ‘कॅश अँड कॅरी’ व्यापारात, म्हणजे दुकानदारांना रोखीने माल विकण्याच्या धंद्यात, शंभर टक्के परकीय गुंतवणुकीला १९९७ पासून सरकारी मंजुरीने वाट होती आणि २००६ मध्ये ती मंजुरीची अटही गेली. त्याच वर्षी एकाच ब्रँडच्या दुकानांसाठी ५१ टक्क्यांची मुभा मिळाली. अनेक ब्रँडचा माल एका छताखाली विकणारी दुकाने, म्हणजे किराण्याला थेट भिडणारी दुकाने, मात्र बंदच होती. २४ नोव्हेंबर २०११ रोजी मंत्रिमंडळाने त्यांना ५१ टक्क्यांची परवानगी देण्याचे ठरवले, पण सहकारी पक्षांच्या विरोधामुळे पंधरवड्याच्या आत निर्णय स्थगित झाला. १४ सप्टेंबर २०१२ रोजी तो पुन्हा घेतला गेला आणि २० सप्टेंबरला अधिसूचित झाला. त्याच दिवशी देशभर बंद पुकारला गेला. आदल्याच दिवशी गणेश चतुर्थी झालेली होती आणि घरोघरी गणपती बसलेले होते, त्यामुळे आपल्याकडे बंद कडकडीत झाला नाही. ज्या दुकानाची ही हकीगत आहे, त्याच्याही फळ्या त्या दिवशी निम्म्या उघड्याच होत्या.

परवानगीला अटी होत्या. किमान दहा कोटी डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने पाचशे कोटी रुपयांहून अधिक रक्कम आणायची. त्यातली निम्मी तीन वर्षांत गोदामे, शीतगृहे, वाहतूक, प्रतवारी अशा पाठीमागच्या सोयींवर खर्च करायची आणि त्या खर्चात जमिनीची किंमत किंवा भाडे धरायचे नाही. तयार मालाची ३० टक्के खरेदी लहान उद्योगांकडून करायची. दुकाने काढू द्यायची की नाही हे प्रत्येक राज्याने ठरवायचे. संमती देणाऱ्या राज्यांत महाराष्ट्र होता. आणखी एक अट होती, जिच्याकडे आमचे सुरुवातीला लक्षच गेले नाही. तिच्याकडे पुढे येतोच. ५ डिसेंबरला लोकसभेत मतदान झाले आणि २५३ विरुद्ध २१८ मतांनी धोरण टिकले.

पहिला मसुदा

सहा विद्यार्थ्यांचा गट केला. दुकानदाराचा मुलगा त्यात होता. गटाने आठ दिवसांत वीस पानांचा इंग्रजी मसुदा आणि स्लाइड तयार केल्या. मसुद्याचे म्हणणे थोडक्यात असे होते: शेतकरी आणि ग्राहक यांच्यामधली साखळी आखूड होईल, शीतगृहांमुळे नासाडी घटेल, शेतकऱ्याला दोन पैसे जास्त मिळतील, ग्राहकाला माल स्वस्त मिळेल आणि असंघटित किराणा दुकानांना टिकायचे असेल तर त्यांनी स्वतःला बदलून छोटे सुपरमार्केट व्हावे लागेल. सामर्थ्य, उणिवा, संधी आणि धोके यांचा चौकोनी तक्ता होता. ‘उणिवा’ या चौकटीत पहिलीच नोंद ‘उधारीवर विक्री’ अशी होती. शिफारस स्पष्ट होती. कर्ज काढा, काचेचा दर्शनी भाग करा, रॅक लावा, ग्राहकाच्या हातात टोपली द्या, संगणकावर बिल करा आणि उधारी बंद करा.

मला मसुदा आवडला होता. वाक्ये नेटकी होती, आकृत्या स्वच्छ होत्या, आणि भरतीसाठी येणाऱ्या कंपन्यांना दाखवता येईल असे काम झाले म्हणून संचालकही खूश होते.

सादरीकरण संपल्यावर दुकानदाराचा मुलगा माझ्या खोलीत आला. वर्गात तो एक शब्दही बोलला नव्हता. त्याने अधिसूचनेची छापील प्रत टेबलावर ठेवली, एका कलमाखाली पेन्सिलने रेघ ओढलेली होती, आणि विचारले, “सर, कोल्हापूरची लोकसंख्या दहा लाख आहे का?”

ते कलम असे होते की २०११ च्या जनगणनेनुसार दहा लाखांहून अधिक लोकसंख्या असलेल्या शहरांतच अशी दुकाने उघडता येतील. कोल्हापूर शहराची लोकसंख्या त्या जनगणनेत सुमारे ५ लाख ४९ हजार भरली होती. सोलापूरदेखील त्या अटीत बसत नव्हते. म्हणजे ज्या परकीय दुकानाच्या भीतीने गंगावेशीतला माणूस पाच लाखांचे कर्ज काढायला निघाला होता, ते दुकान त्या दिवशीच्या कायद्याने कोल्हापुरात येऊच शकत नव्हते, आणि आम्ही दोन आठवडे चर्चा करूनही ते कलम नीट वाचले नव्हते. मुलाने ते पहिल्याच दिवशी वाचले होते. वर्गात का सांगितले नाहीस, असे मी विचारले. इंग्रजीत उभे राहून सांगायला जमले नसते आणि सांगितले असते तर ‘घरचे दुकान वाचवायला बोलतोय’ असे सगळ्यांना वाटले असते, असे तो म्हणाला. संस्थेच्या संस्कृतीविषयी मी पुढे जे काही मत बनवले, ते या एका उत्तरावर उभे आहे.

वही

त्यानंतरच्या रविवारी मी स्वतः दुकानात गेलो. पहाटे गंगावेशीच्या कट्ट्यावर म्हशी आणून लोकांच्या समोर धार काढतात, ते दूध प्यायला जमलेली गर्दी पांगत होती. रंकाळा स्टँडवर उतरलेली पश्चिमेकडच्या गावांतली माणसे बाजाराची पिशवी काखेत घेऊन येत होती. दुकान जेमतेम दहा फूट रुंद होते. पुढे पोती, वर बरण्या, मागे माळा आणि गल्ल्यापाशी लाल कापडी बांधणीची लांबट वही.

दुकानदाराने मसुदा मुलाकडून वाचून घेतला होता. पहिले वाक्य त्यांनी असे काढले: “सर, पोरांनी आम्हाला ‘असंघटित’ लिवलंय. ते तेवढं काढा. आमच्या आज्जाच्या वेळेपासनं वह्या हायत माझ्याकडं. कुणाकडं किती बाकी हाय ते झोपेतनं उठवून विचारा.”

मग त्यांनी वही उघडली. प्रत्येक पानावर वर गावाचे नाव, त्याखाली माणसाचे नाव, बहुधा टोपणनावासह, आणि नावापुढे समासात एकच अक्षर: ‘दू’, ‘ऊ’ किंवा ‘प’. मी अर्थ विचारला. ‘दू’ म्हणजे दुधाचे बिल. गावोगावच्या दूध संस्था उत्पादकाला दर दहा दिवसांनी पैसे देतात, त्यामुळे या गिऱ्हाइकाची उधारी दहा दिवसांची. ‘प’ म्हणजे पगार. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत कामाला जाणारा माणूस, ज्याचा पगार महिन्याच्या ७ ते १० तारखेपर्यंत होतो. ‘ऊ’ म्हणजे उसाचे बिल. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार ऊस गाळपाला गेल्यावर १४ दिवसांत पैसे मिळायला हवेत, पण प्रत्यक्षात ते हप्त्याहप्त्याने आणि उशिरा येतात. त्यातून आडसाली लागण असेल तर ऊस शेतात सोळा-अठरा महिने उभा असतो. या गिऱ्हाइकाची उधारी चार महिने, कधी सहा महिने चालते.

“तुमची पोरं प्रश्नावली घेऊन आलेली. गिऱ्हाइकाचं वय किती, शिक्षण किती, विचारत हुती. वयाचं मला काय करायचं? बिल कधी निघतंय ते विचारायचं.”

बाजारपेठेचे विभाजन हा धडा मी अनेक वर्षे शिकवत होतो. वय, उत्पन्न, शिक्षण, जीवनशैली हे त्याचे ठरलेले निकष. हातात पैसा कोणत्या तारखेला येतो या निकषावर गिऱ्हाइकांचे विभाजन केलेले मी कोणत्याही पाठ्यपुस्तकात पाहिले नव्हते. या दुकानात ते तीन अक्षरांत केलेले होते आणि मालाची खरेदीही त्याच अक्षरांवर चालत होती. दुधाच्या बिलाच्या आदल्या दिवशी तेल आणि साखर भरायची, पगाराच्या आठवड्यात साबण-पावडर, आणि गाळप सुरू झाले की लग्नसराईचा माल.

हिशेब

उधारीला आम्ही ‘उणीव’ म्हटले होते. तिचा हिशेब मात्र केला नव्हता. दुकानातून परतल्यावर तो मी मुलाला बरोबर घेऊन केला. आकडे उदाहरणादाखल धरलेले आहेत, पण पद्धत तीच.

समजा एका ‘ऊ’ गिऱ्हाइकाचे महिन्याचे सामान ३,००० रुपयांचे आहे आणि तो चार महिन्यांनी एकदम पैसे देतो. चार महिन्यांत त्याने १२,००० रुपयांचा माल नेला. बाकी शून्यापासून वाढत १२,००० पर्यंत गेली, म्हणजे सरासरी ६,००० रुपये दुकानदाराचे अडकून राहिले. वर्षाला १२ टक्के व्याज धरले तर चार महिन्यांचे २४० रुपये होतात. हा दुकानदाराचा उधारीचा खर्च, विक्रीच्या शेकडा दोन.

आता मोठे दुकान छापील किमतीपेक्षा शेकडा पाच रुपये कमी घेते असे धरू. तोच माल तिथे रोखीने घेतला तर गिऱ्हाइकाचे ६०० रुपये वाचतील. पण रोख कुठून आणायची? बँक घरखर्चासाठी एवढे लहान कर्ज देत नाही, आणि खासगी सावकार महिन्याला शेकडा तीन घेत असेल तर सरासरी ६,००० रुपयांवर चार महिन्यांचे ७२० रुपये होतात. म्हणजे ६०० रुपये वाचवायला ७२० रुपये मोजावे लागतील. गिऱ्हाईक छापील किमतीने उधार घेते ते अडाणीपणाने घेत नाही, त्याचा हिशेब बरोबर असतो.

दुकानदाराच्या बाजूने पाहिले तर ६०० रुपये जास्त मिळाले, त्यातले २४० व्याजात गेले, उरले ३६०. म्हणजे विक्रीच्या शेकडा तीन. शंभरातले तीन रुपये बुडाले तर हिशेब बरोबरीत येतो, त्याहून जास्त बुडाले तर तोटा. ठळक ब्रँडच्या मालावर किरकोळ दुकानदाराचे मार्जिन दहा टक्क्यांच्या आसपासच असते हे लक्षात घेतले, तर हे तीन रुपये किती मोलाचे आहेत ते कळेल. ते राखणे सर्वस्वी माणसाच्या पारखीवर अवलंबून असते. कोणाचा ऊस कोणत्या कारखान्याला जातो, कोणाच्या घरी लग्न आहे, कोणाची म्हैस आटली आहे, हे ज्याला माहीत असते त्यालाच हे तीन रुपये राखता येतात. पाचशे कोटी घेऊन येणाऱ्या कंपनीला ही माहिती विकत मिळत नाही. पण ही माहिती दुकानदाराच्या मुलाकडेही आपोआप जात नाही, आणि इथेच या प्रकरणाचा खरा नाजूक भाग होता. मुलगा पुण्यात नोकरी करायची म्हणत होता. दुकान काचेचे होवो न होवो, वडिलांनंतर ती तीन अक्षरे वाचणारा कोणी उरणार की नाही, हा प्रश्न परकीय गुंतवणुकीच्या आधीपासून तिथे होता आणि घरात त्यावर कोणी बोलत नव्हते.

दुसरा मसुदा आणि निर्णय

दुसरा मसुदा मराठीत लिहिला. संस्थेच्या नावाने बाहेर जाणारा कागद मराठीत असावा की नाही यावर संचालकांशी माझी दोनदा चर्चा झाली. त्यांची अडचण खोटी नव्हती. साखळी दुकानांच्या कंपन्या दरवर्षी आमच्या मुलांना नोकऱ्या देत होत्या, आणि संस्थेने व्यापाऱ्यांच्या बाजूने निवेदन दिल्यासारखे दिसू नये, अशी त्यांची इच्छा होती. शेवटी अभिप्राय कोणाच्याही बाजूचा न ठेवता हिशेबाचा ठेवायचा असे ठरले आणि त्यांनी सही केली. ती सही मला आजही महत्त्वाची वाटते.

अभिप्रायात आम्ही तीन गोष्टी लिहिल्या. सध्याच्या अटीनुसार परकीय भांडवलाचे किराणा दुकान कोल्हापुरात येऊ शकत नाही, पण अट बदलू शकते, म्हणून तिच्यावर विसंबू नये. खरी स्पर्धा देशी साखळी दुकानांची आहे आणि ती परवानगीसाठी थांबलेली नाही. आणि रोखीच्या गिऱ्हाइकासाठी दुकान सुधारावे, मात्र उधारीचे भांडवल त्यासाठी मोडू नये.

गंगावेशीतल्या दुकानदाराने पाच लाखांऐवजी दोन लाखांचे कर्ज घेतले. इलेक्ट्रॉनिक काटा, संगणक, मागच्या भिंतीला लोखंडी मांडणी एवढे केले. काच लावली नाही, कारण काच लावली की पायरीवर बसून बोलणारी माणसे बसणार नाहीत, असे त्यांचे म्हणणे पडले. वही राहिली.

मसुद्यातला एक अंदाज लवकरच खरा झाला. ऑगस्ट २०१३ मध्ये केंद्राने अटी सैल केल्या. दहा लाखांहून लहान शहरांतही राज्य सरकारने ठरवल्यास दुकाने उघडता येतील असे झाले, आणि लहान उद्योगाच्या व्याख्येतली यंत्रसामग्रीच्या गुंतवणुकीची मर्यादाही दहा लाख डॉलरवरून वीस लाख डॉलरपर्यंत वाढवली. वर्षअखेरीस टाटांच्या ट्रेंट या कंपनीबरोबर भागीदारी करण्याच्या ब्रिटनच्या टेस्कोच्या प्रस्तावाला मंजुरी मिळाली. त्याच वर्षी अमेरिकेची वॉलमार्ट आणि आपल्याकडची भारती यांनी आपली भागीदारी मोडली, आणि २०१४ मध्ये फ्रान्सची कारफूर आपली घाऊक दुकाने बंद करून परतली. ज्या दारावर एवढा गदारोळ झाला, त्या दाराने फारसे कोणी आत आलेच नाही. परकीय पैसा आला तो मोबाइलच्या पडद्यावरून. २०१८ मध्ये वॉलमार्टने फ्लिपकार्टचा सुमारे ७७ टक्के हिस्सा १६ अब्ज डॉलरना घेतला, तेव्हा आमच्या २०१२ च्या अभिप्रायात ऑनलाइन विक्रीला एक परिच्छेदही दिलेला नव्हता.

मुलाचे काय झाले हे सांगायला हवे. तो पुण्यात एका देशी साखळी दुकानात तीन वर्षे होता आणि २०१६ मध्ये परत आला. तिथे तो पुष्कळ शिकला. ज्या मालाची मुदत आधी संपते तो पुढे मांडायचा, प्रत्येक वस्तूचा नफा वेगळा काढायचा, माळ्यावर धूळ खात पडलेल्या मालात किती पैसा अडकला आहे ते दर महिन्याला मोजायचे, या सवयी त्याने दुकानात आणल्या. त्यामुळे पहिल्याच वर्षी माळा निम्मा रिकामा झाला. मोठ्या दुकानाच्या शिस्तीला मी कमी लेखत नाही. वडिलांच्या वहीत गिऱ्हाइकाची बाकी होती, मालाची नव्हती.

जे राहून गेले

ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेला महापूर आला. पुणे-बेंगळुरू महामार्ग शिरोलीजवळ कित्येक दिवस बंद राहिला, प्रयाग चिखली, आंबेवाडीसारखी गावे पाण्यात गेली, दूध संकलन विस्कळीत झाले, नदीकाठचा ऊस कुजला आणि औद्योगिक वसाहतींत माणसे पोहोचेनात. म्हणजे वहीतली ‘दू’, ‘ऊ’ आणि ‘प’ ही तिन्ही अक्षरे एकाच आठवड्यात थांबली.

आमच्या हिशेबात शंभरातले तीन रुपये बुडण्याची जागा ठेवली होती. पण तो हिशेब करताना प्रत्येक गिऱ्हाईक स्वतंत्रपणे बुडते, एकाची म्हैस आटली तरी दुसऱ्याची दुभती असते, असे आम्ही न बोलता गृहीत धरले होते. ज्या दुकानाची सगळी गिऱ्हाइके एकाच नदीच्या खोऱ्यात राहतात, तिथे ती एकदम बुडू शकतात. ज्या ओळखीला आम्ही दुकानाचे बळ म्हटले, तीच त्याची जोखीमही होती. साखळी दुकानाचे कोल्हापुरातले नुकसान पुण्या-नाशिकच्या नफ्यातून भरून निघते. या दुकानाला दुसरे गाव नव्हते.

पुराच्या त्या दिवसांत त्यांनी उधारी थांबवली नाही. उलट दुकानात होता तेवढा माल दिला. मुलाने वहीत एक नवे पान उघडले आणि वर समासात चौथे अक्षर लिहिले, ‘पू’. त्या पानावरची बरीच बाकी दोन वर्षांत आली, काही आलीच नाही. २०२१ च्या जुलैत पुन्हा पूर आला आणि पानाला पान जोडावे लागले.

तेव्हापासून बाप-लेकांत एका मुद्द्यावर मतभेद आहे आणि तो मिटलेला नाही. मुलगा म्हणतो की नदीकाठच्या आणि माळावरच्या गावांची खाती वेगळ्या पानांवर घ्यावीत, जूनपासून नदीकाठची उधारी निम्म्यावर आणावी आणि वाचलेले पैसे पावसाळाभर बाजूला ठेवावेत. वडिलांचे म्हणणे असे: “ज्यांना पुरात द्यायचं, त्यांचंच आधी कमी करायचं? मग ती माणसं पुराच्या दिवशी माझ्या दारात येतील कशाला?” मुलाचा आकडा बरोबर आहे. वडिलांचा मुद्दाही मला खोडता आलेला नाही, कारण पुरात ज्यांना माल दिला ती घरे त्यानंतर रोखीचे सामानही याच दुकानातून नेतात आणि त्याची नोंद आता संगणकात आहे.

वर्गात हे प्रकरण मी तीन तासिकांत घेतो. पहिल्या तासिकेला वहीच्या एका पानाची नक्कल देतो, नावे खोडून आणि अक्षरे ठेवून. दुसऱ्या तासिकेला २०१२ ची अधिसूचना देतो. तिसऱ्या तासिकेला ‘पू’ चे पान आणि संगणकातली रोख विक्री समोर ठेवून जूनमधला निर्णय घ्यायला सांगतो. उत्तर मराठीत द्यायला मुभा आहे. गेल्या वेळी मागच्या बाकावरच्या एका मुलीने हात वर करून विचारले की दुकानदार माल भरतो त्या लक्ष्मीपुरीतल्या घाऊक व्यापाऱ्याने त्याला किती दिवसांची उधारी दिली होती आणि पुराच्या महिन्यात ती वाढवली का. तिच्या घरी लक्ष्मीपुरीत धान्याची पेढी आहे. ते पान आमच्याकडे अजून नाही. ते मिळवायला ती स्वतः जाणार आहे.